कागदावरची जोड : हेवीवेट विजेत्यांच्या काल्पनिक लढतींचा वाद कुठून आला

तालमीत वाढलेल्या माणसाला ‘जोड’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वजन, वय, दम आणि डाव पाहून दोन पैलवान समोरासमोर आणायचे, म्हणजे जोड लावायची. बॉक्सिंगमधला अली विरुद्ध टायसन किंवा जो लुईस विरुद्ध मार्चियानो हा वादही जोड लावण्याचाच प्रकार आहे. फरक एवढाच, की इथे दोघे एका काळातले नसतात आणि आखाडा कोणता हेही ठरलेलं नसतं.

आखाडा बदलला की काय होतं, हे पुणेकरांना बाहेरून शिकायची गरज नाही. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग लढवले जातात आणि त्यांचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. जानेवारी 2023 मध्ये कोथरूडला माती विभागातून महेंद्र गायकवाड आला, गादी विभागातून शिवराज राक्षे. अंतिम कुस्ती गादीवर झाली आणि एका मिनिटाच्या आत राक्षेने ती मारली. हीच जोड मातीत लागली असती तर? हा प्रश्न विचारणारा राक्षेचं यश कमी लेखत नसतो. पाय रुतणारी माती आणि पाय सरकणारी गादी यांत डाव वेगळा बसतो, हे त्याला ठाऊक असतं. जुन्या पिढीकडे याहून मोठं उदाहरण आहे. 1910 मध्ये लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा पैलवान झ्बिस्को यांची कुस्ती अडीच तासांहून जास्त चालून बरोबरीत सुटली, कारण झ्बिस्को गादीला चिकटून पडून राहिला. 1928 मध्ये पतियाळ्यात तीच जोड पुन्हा लागली आणि गामाने मिनिटभरही घेतलं नाही. माणसं तीच होती. जमीन आणि वर्ष तेवढं बदललं.

हेवीवेटमध्ये, म्हणजे बॉक्सिंगच्या सगळ्यात वरच्या वजनगटात, हा वाद ग्लोव्हजइतकाच जुना आहे. त्याआधी उघड्या मुठींनी लढत. तेव्हाच्या लंडन नियमांत फेरीला ठरलेली वेळ नव्हती. एक जण खाली पडला की फेरी संपायची. 8 जुलै 1889 रोजी मिसिसिपीत जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किलरेन 75 फेऱ्या लढले ते याच हिशेबाने. आजच्या 12 फेऱ्यांशेजारी 75 हा आकडा ठेवून ‘तेव्हाची माणसं पोलादी होती’ म्हणणारे इथेच चुकतात. तेव्हाची फेरी कधी काही मिनिटांची असे, कधी काही सेकंदांची. क्वीन्सबेरी नियम 1867 चे : तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, दहा सेकंदांची मोजणी, हातात ग्लोव्हज. 7 सप्टेंबर 1892 रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये हेवीवेटचं जगज्जेतेपद या नियमांखाली पणाला लागलं आणि जिम कॉर्बेटने 21 व्या फेरीत सुलिव्हनला पाडलं. ग्लोव्हज 5 औंसांचे होते, म्हणजे जेमतेम 142 ग्रॅमचे. आज हेवीवेटचे 10 औंसांचे असतात. जुनी पद्धत असती तर सुलिव्हन हरलाच नसता, असं म्हणणारा पक्ष तेव्हापासून उभा राहिला. आजच्या प्रत्येक वादात तो वेगळ्या नावाने हजर असतो.

त्यानंतर बराच काळ हा वाद यादीने मिटवायची रीत होती. 1922 मध्ये ‘द रिंग’ मासिक काढणारे नॅट फ्लायशर यांचा शब्द त्यात शेवटचा मानला जाई. त्यांच्या सर्वकालीन हेवीवेट यादीत पहिला जॅक जॉन्सन, दुसरा जिम जेफ्रीज. अलीला पहिल्या दहांत जागाच नव्हती. फ्लायशर यांनी जॉन्सनच्या काळापासून बॉक्सिंग पाहिलं होतं, म्हणून त्यांची यादी झटकून टाकता येत नाही. पण तरुणपणी पाहिलेला पैलवान नजरेत मोठाच होत जातो. हा दोष फ्लायशर यांच्यात होता आणि आज टायसनवर वाढलेल्या पिढीतही आहे.

1967 मध्ये मियामीच्या मरे वोरोनर यांनी काम यंत्राकडे सोपवलं. एनसीआर 315 या संगणकावर 16 विजेत्यांची बाद पद्धतीची स्पर्धा चालवली गेली आणि प्रत्येक लढतीचं समालोचन खरी लढत असल्यासारखं रेडिओवर झालं. अंतिम फेरीत मार्चियानोने डेम्प्सीला 13 व्या फेरीत पाडलं. जेफ्रीजकडून हरवल्याबद्दल अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला आणि त्याच्या तडजोडीतून मार्चियानोसोबतची चित्रित लढत ठरली. 1969 मध्ये दोघांना एका बंद स्टुडिओत आणलं. तेव्हा अलीचा बॉक्सिंगचा परवाना गेलेला होता, वय 27. मार्चियानो 45 वर्षांचा. त्याने वीसेक किलो वजन उतरवलं आणि टकलावर टोप चढवला. एकेका मिनिटाच्या सत्तरच्या आसपास फेऱ्या घेतल्या, शेवट वेगवेगळे चित्रित केले आणि कोणता दाखवणार हे दोघांनाही सांगितलं नाही. 31 ऑगस्ट 1969 रोजी, 46 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मार्चियानो विमान अपघातात गेला. 20 जानेवारी 1970 रोजी चित्रपटगृहांत ही लढत दाखवली तेव्हा अमेरिकेत 13 व्या फेरीत मार्चियानो जिंकला. युरोपसाठी जी प्रत निघाली, तीत अली.

या प्रयोगातली चूक नीट समजून घ्यायला हवी, कारण आजच्या बॉक्सिंग व्हिडिओ गेमपर्यंत ती तशीच आली आहे. यंत्राला ठोशाची ताकद, वेग, कातडी फाटण्याची शक्यता असे आकडे पुरवले होते. ते आकडे कुठून आले? बॉक्सिंगवर लिहिणाऱ्यांच्या मतांतून आणि जुन्या नोंदींतून. म्हणजे जे मत आत घातलं, तेच बाहेर आलं, फक्त दशांश चिन्ह लावून. दुसरी चूक याहून मोठी. अलीसाठी एकच आकडा धरला. पण नोव्हेंबर 1966 मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली पायांवर लढत होता. मार्च 1967 ते ऑक्टोबर 1970 तो रिंगबाहेर राहिला. परतलेला अली दोरांना टेकून, ठोसे सोसून लढायला शिकला. नाव एक असलं तरी हे दोन वेगळे लढवय्ये आहेत. म्हणून वादात नुसतं नाव न घेता तारीखही घ्यावी : 22 जून 1938 चा लुईस, ज्याने श्मेलिंगला 124 सेकंदांत झोपवलं; 27 जून 1988 चा टायसन, ज्याने स्पिंक्सला 91 सेकंदांत. तारीख न घेता जोड लावणारा नकळत आपल्या आवडत्याची सर्वोत्तम रात्र आणि दुसऱ्याची वाईट रात्र निवडतो.

तारखेनंतर नियम ठरवायचे, आणि त्यातही आधी फेऱ्या. जगज्जेतेपदाच्या लढती अनेक दशकं 15 फेऱ्यांच्या होत्या. नोव्हेंबर 1982 मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध 14 व्या फेरीत कोसळलेला डुक कू किम दगावला आणि त्यानंतर संघटनांनी एकेक करून 12 फेऱ्या केल्या. हा फरक कागदावर लहान दिसतो. तो किती मोठा आहे ते पाहा. 18 जून 1941 रोजी 90 किलोचा जो लुईस आणि 80 किलोही नसलेला बिली कॉन लढले. 12 फेऱ्या झाल्या तेव्हा तीनपैकी दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे होता, तिसरी बरोबरीत. नुसता दूर राहिला असता तरी चाललं असतं; पण तो लुईसला पाडायला पुढे गेला आणि 13 व्या फेरीत स्वतःच पडला. आता 23 सप्टेंबर 1952. फिलाडेल्फियात जो वॉलकॉट 12 फेऱ्यांनंतर तिन्ही पत्रिकांवर पुढे होता आणि 13 व्या फेरीत मार्चियानोचा उजवा हात त्याच्या जबड्यावर बसला. आजच्या नियमांत कॉन जगज्जेता होतो, वॉलकॉट पट्टा राखतो आणि मार्चियानोचा 49 पैकी 49 हा विक्रम मुळातच नसतो. जून 1978 मध्ये होम्सने नॉर्टनला हरवलं तेही 15 व्या फेरीच्या जोरावर. म्हणून 15 फेऱ्या मान्य करणारा मार्चियानोच्या बाजूने आधीच वजन टाकत असतो आणि 12 म्हणणारा उंच, जॅबवर म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर लढणाऱ्यांच्या बाजूने.

दुसरा नियम कोपऱ्याचा. 4 जुलै 1919 रोजी टोलेडोत डेम्प्सीने जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. विलार्ड उठायला लागला की डेम्प्सी शेजारीच उभा. गुडघा जमिनीवरून सुटला की पुढचा ठोसा. तेव्हा ते नियमात बसत होतं. पुढे नियम आला : पाडणाऱ्याने दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जायचं, मगच मोजणी. सप्टेंबर 1927 मध्ये शिकागोत टनी पडल्यावर तोच डेम्प्सी तटस्थ कोपऱ्यात जायला चुकला, पंचाने मोजणी उशिरा सुरू केली आणि टनीला चौदाएक सेकंद मिळाले. टनी उठला आणि लढत जिंकला. डेम्प्सीला आजच्या रिंगमध्ये आणायचं तर त्याचं हे हत्यार काढून घ्यावं लागतं.

आकाराचा मुद्दा मात्र खरोखर अवघड आहे. मार्चियानो लढताना 84-85 किलोचा, हातांचा पल्ला 68 इंच. लेनॉक्स लुईस 110 किलोंच्या पुढे, पल्ला 84 इंच. सोळा इंच म्हणजे चाळीस सेंटिमीटर. एवढं अंतर मार्चियानोला प्रत्येक वेळी वाकून, जॅबखालून पार करावं लागेल. पार केल्यावरही लुईस त्याच्या मानेवर भार टाकून मिठी मारेल आणि 25 किलो जादा वजन अंगावर घेऊन लढणारे पाय सहाव्या-सातव्या फेरीत जड होतात. आज 90.7 किलोंपर्यंत क्रूझरवेट हा वेगळा गट आहे आणि मार्चियानो, डेम्प्सी दोघेही त्यात बसतात. विरुद्ध बाजूला डेम्प्सीचीच लढत सांगितली जाते : 85 किलोच्या माणसाने 111 किलोच्याला लोळवलं. पण विलार्ड तेव्हा 37 वर्षांचा होता आणि तीन वर्षं त्याने पट्टा पणाला लावला नव्हता. याहून भक्कम दाखला 18 मे 2024 चा आहे. रियाधमध्ये क्रूझरवेटमधून वर आलेल्या, 101 किलोंच्या आसपासच्या उसिकने 119 किलोंच्या फ्युरीला गुणांवर हरवलं. तो पायांनी सतत कोन बदलत राहिला, त्यामुळे फ्युरीला भार टाकायला जागाच मिळेना. आकार हरू शकतो. मात्र हरवणारा 85 किलोचा नव्हता, हेही त्याच दमात सांगायला हवं.

वजनाच्या बाबतीत एक गैरसमज लढतीच्या आदल्या दिवशीच्या वजनकाट्याचा : वजन उतरवून काट्यावर उभं राहायचं आणि लढतीपर्यंत पुन्हा भरायचं. त्या पद्धतीने खालच्या गटांचं बॉक्सिंग पार बदललं, हेवीवेटचं नाही. वर मर्यादाच नाही, तर उतरवून पुन्हा भरायचं काय?

जुनी चित्रफीत पाहताना घड्याळ हाताशी ठेवावं. जॉन्सन-जेफ्रीजच्या काळातले कॅमेरे हाताने फिरवत. सेकंदाला साधारण 16 चौकटी पडत. तीच फीत 24 चौकटींच्या वेगाने दाखवली की हालचाल दीडपट होते आणि 180 सेकंदांची फेरी 120 सेकंदांत उरकते. ठोसे तुटक, पाय बाहुल्यांसारखे. त्यावरून ‘यांना लढताच येत नव्हतं’ असा निकाल देणारे पुष्कळ. प्रेक्षकांतला चालणारा माणूस पाहावा. तो दुडकत असेल तर फितीचा वेग कमी करून पुन्हा पाहावं. मग जॉन्सन समोरच्याचा दंड आधीच धरून ठोसा जन्मालाच कसा येऊ देत नाही, ते दिसतं. टायसनने तरुणपणी प्रशिक्षक कस डमाटो आणि जुन्या फितींचे संग्राहक जिम जेकब्स यांच्याकडे या जुन्या फितींची पारायणं केली होती. डोकं हलवत आत शिरणं नव्वद वर्षांचा माणूसही ओळखेल इतकं जुनं आहे.

सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक साखळीची. अमक्याने तमक्याला हरवलं, तमक्याने ढमक्याला, म्हणून अमका मोठा. मार्च 1973 मध्ये नॉर्टनने अलीला हरवलं, जबडाही मोडला. मार्च 1974 मध्ये काराकासला फोरमनने नॉर्टनला दोन फेऱ्यांत उडवलं. साखळीच्या हिशेबाने अलीचं फोरमनपुढे काही चालायला नको होतं. 30 ऑक्टोबर 1974 रोजी किन्शासात अलीने फोरमनला आठव्या फेरीत पाडलं. नॉर्टन अलीच्या जॅबवर जॅब टाकत असे आणि त्याने अलीची लय तुटे. पण मागे सरकत लढणं त्याला जमत नसे आणि फोरमन नेमका मागे रेटणारा. अली रेटला गेला की दोरांवर रेलायचा. तीन माणसं, तीन जोडी आणि प्रत्येकीचा निकाल वेगळ्या कारणाने. पैलवान मोठा कोण, यापेक्षा कुणाचा डाव कुणावर बसतो हे विचारावं, असं म्हणायचं ते यासाठी.

तरीही काळांमधले काही पूल खरे आहेत. 1951 मध्ये मार्चियानोने उतरत्या जो लुईसला पाडलं. मार्चियानोची शेवटची लढत आर्ची मूरशी. त्याच मूरला 1962 मध्ये अलीने चौथ्या फेरीत संपवलं. 1980 मध्ये होम्सने अलीला थांबवलं, 1988 मध्ये टायसनने होम्सला, 2002 मध्ये लेनॉक्स लुईसने टायसनला. यातल्या जवळजवळ प्रत्येक लढतीत एक जण थकलेला आहे, म्हणून निकाल फारसं सांगत नाहीत. फोरमनचं तसं नाही. एप्रिल 1991 मध्ये 42 व्या वर्षी तो होलीफिल्डसमोर पूर्ण 12 फेऱ्या उभा राहिला. पुढे 5 नोव्हेंबर 1994 रोजी लास व्हेगासमध्ये त्याने 26 वर्षांच्या मायकल मूररसमोर तीच लाल चड्डी घातली, जी किन्शासात घातली होती. त्याच्या कोपऱ्यात अँजेलो डंडी होता, जो किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता. तिन्ही पत्रिकांवर फोरमन मागे होता. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा ठोसा हनुवटीवर बसला, मूरर पाठीवर पडला आणि पंचाने दहापर्यंत मोजलं.