नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्यामागचा इतिहास

लागोपाठ दोन-तीन गर्भपात झालेल्या जोडप्यांना आजही काही वंध्यत्व केंद्रांत सांगितलं जातं, 'तुमचं दोघांचं एचएलए फार जुळतंय, लिट घ्या.' एचएलए म्हणजे पेशींवरच्या त्या खुणा, ज्यांवरून शरीर आपलं आणि परकं ओळखतं. लिट म्हणजे नवऱ्याच्या रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून बायकोला टोचणं. पैसे जातात ते जातातच, पण 'आमचं दोघांचं रक्तच जमत नाही' ही बोच फार वाईट. म्हणून हा विचार आला कुठून, हे कळायला हवं.

मूळ प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला. गर्भात निम्मा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला तो निम्मा परकाच. दुसऱ्याची त्वचा लावली तर शरीर ती झिडकारतं. मग गर्भ नऊ महिने टिकतो कसा? १९५८ मध्ये नेदरलँड्समध्ये यॉन फान रूड यांना आणि अमेरिकेत रोझ पेन यांना आढळलं की बाळंतपणं झालेल्या बायकांच्या रक्तात परक्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) असतात. आईचं शरीर बापाचा अंश ओळखतं, तरीही गर्भ सुखरूप राहतो. यावरून पुढे तर्क निघाला: ही ओळख पटणंच गर्भाला तारत असेल. नवरा-बायकोचं एचएलए सारखं असेल तर ओळख पटणार नाही आणि गर्भ पडेल. तसं असेल तर ओळख आधीच करून द्यावी.

१९८१ पासून तसे प्रयोग सुरू झाले. १९८५ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या मोब्रे यांच्या गटाचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. नवऱ्याच्या पेशी दिलेल्या २२ जणींपैकी १७ जणींचं गर्भारपण यशस्वी झालं. स्वतःच्याच पेशी परत टोचलेल्या २७ पैकी १० जणींचं. सारा अभ्यास ४९ बायकांचा, पण उपचार देशोदेशी पोचला. हरलेल्या जोडप्याला करण्यासारखं काहीतरी मिळालं होतं, हे मी समजू शकते.

१९९९ मध्ये कॅरोल ओबर यांच्या मोठ्या चाचणीचे आकडे आले. इथे तुलनेसाठी नुसतं सलाइन टोचलं होतं. नवऱ्याच्या पेशी मिळालेल्या ८६ पैकी ३१ जणी यशस्वी, सलाइनवाल्या ८५ पैकी ४१. दिवस राहिलेल्यांपुरतं पाहिलं तर ४६ टक्के आणि ६५ टक्के. उपचार न घेतलेल्यांचं बरं झालं! आणि औषधाविना इतक्या जणींचं गर्भारपण पार पडत असेल, तर एखाद्या केंद्राने 'आमच्याकडे लिटनंतर बाळ झालं' म्हणणं हा पुरावा होत नाही. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, हा उपचार परवानगी घेतलेल्या संशोधनापुरताच ठेवला. युरोपातल्या एश्रे या प्रजनन-तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेनुसार तो देऊच नये.

तर्क कुठे चुकला, हेही पुढे उलगडत गेलं. गर्भाच्या बाजूच्या ज्या पेशी आईच्या शरीराला भिडतात, त्यांच्यावर एचएलएचे ए आणि बी हे प्रकार नसतातच. सी, ई आणि जी असतात. त्यांच्याशी गर्भपिशवीतल्या एनके पेशींचा (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींचा) संवाद चालतो, आणि त्याचा वार (प्लॅसेंटा) नीट रुजण्याशी संबंध आहे. तिथलं संशोधन अजून चालू आहे. त्यातून जोडप्याला सांगता येईल असा 'जुळतंय-जुळत नाही' निकाल निघत नाही.

आपल्याकडे याच्या जोडीला रक्तगटाची भीती असते. पण दोघांचा रक्तगट एकच असला, तरी त्यामुळे गर्भपात होत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला धोका असतो, पण तो टाळायला १९६८ पासून अँटी-डी इंजेक्शन आहे.

प्रतिकारशक्तीमुळे वारंवार गर्भपात होतात याचा ठोस पुरावा आहे तो अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या आजाराबाबत, जो ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये वर्णन केला. त्यात दोष आईच्याच प्रतिपिंडांचा. नवरा कोण आहे याने फरक पडत नाही. त्याच सेंट मेरीजमध्ये १९९७ मध्ये अशा ९० बायकांवर चाचणी झाली: नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ४२ टक्के जणींना मूल झालं, सोबत हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिल्यावर ७१ टक्के. निदानासाठी रक्ततपासणी १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. एकाच रिपोर्टवर ते पक्कं होत नाही.