हिप्पोकॅम्पस

घडलेल्या प्रसंगांची नवी स्मृती तयार करणारा मेंदूचा भाग. तो मेंदूच्या दोन्ही गोलार्धांत, कानशिलाच्या आतल्या बाजूला खोलवर असतो. त्याला आठवणींचे कोठार म्हणण्याचा प्रघात आहे, पण त्यामुळे वाचकाची दिशाभूल होते. स्मृती टिकाऊ होताना त्याची गरज लागते. मुरलेल्या जुन्या स्मृती मात्र मोठ्या प्रमाणावर मेंदूच्या बाह्यस्तरात विखुरलेल्या असतात.

हे कळले ते एका माणसाच्या फार मोठ्या नुकसानीतून. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. 1953 मध्ये, तो 27 वर्षांचा असताना, शल्यचिकित्सक विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग आणि लगतच्या ऊती काढून टाकल्या. झटके कमी झाले, पण त्यानंतरचे जवळजवळ काहीच त्याच्या लक्षात राहीना. नुकत्याच भेटून गेलेल्या व्यक्तीला तो पुन्हा अनोळखी समजे. बुद्धी, भाषा आणि बालपणाच्या आठवणी मात्र शाबूत होत्या. ऐकलेले आकडे लगेच म्हणून दाखवणेही त्याला जमे.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्याच्या चुका कमी होत गेल्या, तरी हे काम आपण आधी केले आहे हे त्याला एकदाही आठवले नाही. हाताला आलेले कौशल्य आणि मनाला आठवणारा प्रसंग यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत, हे या साध्या प्रयोगाने दाखवले. स्मृतीच्या अभ्यासात याच्या तोडीचे निरीक्षण क्वचितच सापडेल. 2008 मध्ये निधन होईपर्यंत मोलेसन संशोधनाला साहाय्य करत राहिला. तोवर जग त्याला केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखत होते.

हिप्पोकॅम्पसचा संबंध जागेच्या भानाशीही आहे. उंदीर विशिष्ट ठिकाणी आला की सक्रिय होणाऱ्या चेतापेशी जॉन ओकीफ यांनी 1971 मध्ये नोंदवल्या. त्यांना 2014 चे नोबेल पारितोषिक मे-ब्रिट मोसर आणि एडवर्ड मोसर यांच्यासह मिळाले. लंडनच्या टॅक्सीचालकांमध्ये हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग तुलनेने मोठा असल्याचेही 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

हा भाग नाजूक आहे. प्राणवायू कमी पडल्यास त्यातील काही पेशी लवकर मरतात. नैराश्यग्रस्तांमध्ये त्याचा आकार सरासरीने थोडा लहान आढळतो, पण एवढ्यावरून एखाद्या व्यक्तीचे निदान करता येत नाही. अल्झायमर रोगात हिप्पोकॅम्पस आणि त्यालगतचा बाह्यस्तर सुरुवातीलाच बाधित होतो. म्हणूनच लग्नातले बारकावे सांगणारी व्यक्ती सकाळी कोण येऊन गेले ते विसरते. घरच्यांना हा हट्ट किंवा दुर्लक्ष वाटू शकते. प्रत्यक्षात तो प्रसंग तिच्या स्मृतीत नीट नोंदलाच गेलेला नसतो.