ईस्टर एग्ज टोटल किती?

सुट्टीला डोंबिवलीहून मालवणला आलेला माझा भाचा पडवीत लॅपटॉप घेऊन बसला होता. ‘जीटीए सॅन अँड्रियास’ चालू होता. २००४ चा गेम, म्हणजे वयाने त्याच्यापेक्षा मोठा. मधेच मान वर करून त्याने विचारलं, "मामा, यात ईस्टर एग्ज टोटल किती आहेत? माझी सत्तावीस झाली."

सत्तावीस? जाऊन बघतो तर गडी पाण्यात बुड्या मारून ऑयस्टर गोळा करत होता. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं. ती त्या गेममध्ये ५० आहेत. पण ती ईस्टर एग्ज, म्हणजे बनवणाऱ्यांनी गुपचूप लपवलेल्या गमती, नव्हेत. ती कलेक्टिबल्स आहेत, म्हणजे मोजून गोळा करायच्या वस्तू. आणि ईस्टर एग्जच्या बाबतीत ‘टोटल किती’ हा प्रश्नच लागू होत नाही.

घोळ होतो तो साहजिक आहे. दोन्ही लपवलेली असतात, दोन्हींवाचून गोष्ट अडत नाही, आणि दोन्ही सापडली की माणूस शेजारच्याला हाक मारतो. ओळखायची खूण एकच: गेम मोजतोय का? कलेक्टिबल उचललं की पडद्यावर ‘५० पैकी २७’ असं उमटतं. ईस्टर एग सापडलं तर बहुतेक वेळा काहीच उमटत नाही. तुम्ही ते पाहिलंत, हे गेमच्या गावीही नसतं.

मी हे शिकलो ते ‘व्हाइस सिटी’त, म्हणजे याच मालिकेतल्या आधीच्या गेममध्ये. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून खेळायचो. अख्खं शहर समुद्रकाठी, आणि हिरोला पोहता येत नाही! गळाभर पाण्यात गेला की मेला. मालवणच्या पोरांना हे पचणं कठीणच होतं. तर त्या शहरात १०० छुपी पॅकेजेस होती, छोट्या मूर्तींसारखी. दर दहा पॅकेजेसमागे तुमच्या अड्ड्यावर नवीन काहीतरी येऊन पडायचं, चिलखत नाहीतर बंदूक. हा सरळ व्यवहार होता. पोरं काजूच्या बिया गोळा करून दुकानात घालतात आणि पैसे घेतात, तसा.

त्याच शहरात एका इमारतीच्या गच्चीवरून समोरच्या एका ठराविक खिडकीकडे उडी मारली, तर काच आडवी येत नाही. तुम्ही थेट आत. आत चौथऱ्यावर चॉकलेटचं अंडं, त्यावर ईस्टरच्या शुभेच्छा. पैसे नाहीत, बंदूक नाही, आकडा नाही. कॅफेत ही खबर एकाने आणली तेव्हा पाच जण एका खुर्चीमागे उभे होते, आणि उडी चौथ्या प्रयत्नात जमली. त्या १०० पॅकेजेसपैकी एकही मला आज नीट आठवत नाही.

हे अंड्याचं नाव आलं कुठून? अटारी ही गेम बनवणारी कंपनी आपल्या प्रोग्रामरांची नावं गेमवर घालत नसे. वॉरन रॉबिनेट याने ‘अ‍ॅडव्हेंचर’ या गेममध्ये कुणाला न सांगता एक गुप्त खोली बांधली आणि तिच्यात ‘हा गेम वॉरन रॉबिनेटने बनवला’ अशा अर्थाची ओळ लिहिली. तिथे पोचायला एक राखाडी ठिपका शोधून उचलावा लागे, आणि तो मागच्या पडद्याच्याच रंगाचा असल्याने डोळ्यांना दिसतच नसे. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एका मुलाने पत्र लिहून कळवलं तेव्हा कंपनीला ते समजलं. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. ईस्टरला मुलं बागेत लपवलेली अंडी शोधतात, त्यावरून तिथल्या एका अधिकाऱ्याने हे नाव दिलं. म्हणजे या प्रकाराच्या मुळाशी मालकाच्या नकळत मारलेली सही आहे. कलेक्टिबलचं तसं नसतं. ते मालकाच्या संमतीने, हिशेबाने, नकाशाभर पेरलेलं असतं.

एवढं सांगून होईतो आई बाहेर आली. तिने पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "ह्या गावला तर काय देतत?" म्हणजे, हे सापडलं तर काय देतात?

हा प्रश्न कलेक्टिबलला विचारायलाच हवा, आणि उत्तरं नाना तऱ्हांची आहेत. ‘सॅन अँड्रियास’मध्ये लास व्हेंचुरास या शहरातले घोड्यांचे ५० नाल जमवले की जुगारात नशीब साथ देतं. २००७ च्या पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’मध्ये ४२० झेंडे होते, आणि सगळे जमवूनही गेमच्या आत हाती काही लागत नव्हतं. एक्सबॉक्स या गेम-यंत्रावर तेवढी अचीव्हमेंट, म्हणजे खात्यावर कामगिरीची नोंद, मिळायची. मला विचाराल तर ती शुद्ध वेठबिगारी. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ९०० कोरोक बिया आहेत, पण सामानाच्या सगळ्या जागा वाढवायला ४४१ पुरतात. उरलेल्याही हट्टाने शोधल्या तर बक्षीस म्हणून जी सोनेरी वस्तू मिळते, तिचा आकार जेवताना सांगण्यासारखा नाही. इथे मात्र सीमा पुसट होते: बिया मोजलेल्या, पण शेवटची थट्टा ईस्टर एगच्या जातीची.

शोधायची रीतही वेगळी. आमच्याकडे ओहोटीला खडक उघडे पडले की बायका कालवं काढायला जातात. कुठल्या खडकाला लागतात, पाणी कधी परतणार, हे सगळं ठाऊक असतं. तिथे कोडं नसतं, मेहनत असते. भाच्याचं दुखणं असं, की गेम त्याला ‘२७ झाली’ एवढंच सांगतो, कुठली २७ ते सांगत नाही, आणि नकाशावर खुणाही नाहीत. मी त्याला नकाशा छापून दिला आणि घेतलेल्यावर पेनाने फुली मारायला सांगितलं. उशिरा केलं की पन्नासच्या पन्नास जागा पुन्हा पालथ्या घालाव्या लागतात. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन’ने ही कटकट ठेवलीच नाही: ५५ दप्तरं थेट नकाशावर दिसतात, आणि प्रत्येकात पीटरची, म्हणजे स्पायडर-मॅनचीच, एखादी जुनी वस्तू असते. शोधणं कमी, बघणं जास्त.

ईस्टर एगला नकाशाचा उपयोग कमी. गेमने जिथे जायला सांगितलेलं नाही, पण जायला मनाई केलेली नाही, तिथे जावं लागतं. २००९ च्या ‘अर्कहम असायलम’ या बॅटमॅनच्या गेममध्ये रिडलर या कोडी घालणाऱ्या खलनायकाची मोजलेली २४० आव्हानं आहेत. त्यांच्यापायी लोकांनी कोपरा न् कोपरा धुंडाळला. तरी वॉर्डनच्या कचेरीतल्या एका भिंतीमागची खोली कुणालाच सापडली नाही, शेवटी बनवणाऱ्यांनाच सांगावं लागलं. आत पुढच्या गेमचा आराखडा टांगलेला होता! २४० च्या यादीत ती भिंत नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणी वळलं नाही.

आमच्याकडच्या कुडोपी गावच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची, कातळशिल्पं मला या वेळी आठवतात. ती कुणाची सही आहे का, कुणासाठी आहेत, कुणीच लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे तुलना फार ताणत नाही. पण गुरं घेऊन वर्षानुवर्षं त्या कातळावरून गेलेली माणसं आहेत. त्यांना ती आकृती दिसायची, आणि पांडवांनी काढली असेल असं म्हणून ती माणसं पुढे जायची.

संध्याकाळी भाच्याची ३४ कालवं झाली होती. मी म्हटलं, आता जरा थांब, हेलिकॉप्टर घे आणि गेममधल्या सॅन फिएरो शहराच्या त्या लाल पुलाच्या मनोऱ्यावर उतर. दोनदा पाण्यात पडला, तिसऱ्यांदा टेकला. वर एक पाटी होती: इथे एकही ईस्टर एग नाही, निघा.

तो खो-खो हसत सुटला. आतून आईने विचारलं, "काय गावला रे?"

"काय नाय गो आजी," तो म्हणाला, आणि पाटीचा फोटो काढायला मोबाइल शोधू लागला.