डेस्कटॉपची वीज-बचत: टेंडरमध्ये मागतात ते दाखले कुणाला मिळतात, कागदपत्रं कोणती लागतात

ऑफिसच्या संगणकांचं टेंडर उघडलं की एक ओळ बऱ्याचदा भेटते: 'डेस्कटॉप बीआयएस नोंदणीकृत व एनर्जी स्टार मानांकित असावा.' बेळगाव, खानापूर, निपाणी भागात स्वतः जोडणी करून संगणक देणारी आपली मुलं या ओळीपाशी अडतात. कुणी दोन्ही एकच समजतो, कुणी फ्रिजवर असतात तसे तारे शोधत बसतो. म्हणून आधी हा गुंता सोडवू.

तारे देते ती बीईई, म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरो. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ती स्थापन झाली आणि २००६ पासून ताऱ्यांची योजना चालवते. तिच्या यादीत लॅपटॉप आहे, तोही ऐच्छिक, डेस्कटॉप नाही. तेव्हा 'फाइव्ह स्टार डेस्कटॉप' असं कोटेशनमध्ये कधीच लिहू नका.

बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी २०१२ च्या आदेशापासून सक्तीची आहे, पण ती सुरक्षिततेची. शॉक बसू नये, आग लागू नये एवढंच ती पाहते. यंत्र वीज किती खातं, याच्याशी तिचा संबंध नाही.

विजेचं माप मोजतं ते एनर्जी स्टार. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ साली ते संगणक आणि मॉनिटरपासूनच सुरू केलं. यंत्र बंद असताना, झोपेत असताना आणि चालू पण रिकामं असताना किती वॅट घेतं हे मोजून वर्षाचा हिशोब युनिटमध्ये काढतात. भारतात ते कायद्याने बंधनकारक नाही. खरेदीदार अट घालतो म्हणून लागतं. शिवाय ते ठरावीक मॉडेलला मिळतं, कंपनीला सरसकट नाही. एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं आणि शेजारचं नसतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

आता अर्ज कुणी कशासाठी करायचा ते पाहू.

मोठ्या कंपनीचे संगणक विकणाऱ्याला मानांकनासाठी स्वतः काहीच करावं लागत नाही. एनर्जी स्टारच्या सार्वजनिक यादीत मॉडेलचा पूर्ण क्रमांक शोधायचा, त्या पानाची प्रत काढायची, सोबत कंपनीचं अधिकारपत्र आणि बीआयएसचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक जोडायचा. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून आधी स्वतः पडताळा. खोक्यावर छापलाय म्हणून खरा धरू नका.

स्वतःच्या ब्रँडने विकायचं असेल तर बीआयएसचा अर्ज तुमचा तुम्हालाच करावा लागतो. उत्पादनाच्या प्रत्येक जागेची नोंदणी वेगळी. बीआयएसमान्य प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल लागतो आणि तो ९० दिवसांच्या आत अर्जाला जोडावा लागतो. म्हणून बाकीची कागदपत्रं हातात आल्याशिवाय नमुना चाचणीला पाठवू नका, खर्च वाया जाईल. ट्रेडमार्कचा दाखला, जागेचा पुरावा, सुट्या भागांची यादी आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र ही ती कागदपत्रं. नोंदणी पहिल्यांदा दोन वर्षांची मिळते, मग नूतनीकरण.

त्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी एजंटला पैसे मोजू नका. मालकीचा धंदा असेल तर मालकाचं आधार, भागीदारी असेल तर व्यवस्थापकीय भागीदाराचं, आणि पॅन. इथे एक चूक फार महागात पडते. व्यवसायाचा प्रकार निवडताना लोक सवयीने ४७४१, म्हणजे संगणकांची किरकोळ विक्री, टाकतात. जोडणी करून आपल्या नावाने विकत असाल तर २६२०, संगणक उत्पादन, हाच तुमचा प्रकार. निव्वळ व्यापाऱ्याला उद्यमचा फायदा बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता मिळतो. टेंडरच्या ईएमडीतून, म्हणजे अनामत रकमेतून, सूट त्याला मिळत नाही.

आपल्या भागातली खरी अडचण मात्र नावांची आहे. 'ज्ञानेश्वर' मराठी शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत 'डी'ने सुरू होतो आणि कन्नडवरून टाइप केलेल्या कागदावर 'जे'ने. गावाचंही तेच: १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीच्या कागदांवर बेळगाम, नंतरच्या बहुतेक कागदांवर बेळगावी. माझा स्वतःचा एक अर्ज एवढ्याच कारणावरून परत आला होता. जीएसटी दाखल्यावर जुनं नाव, भाडेकरारावर नवं. तीन आठवडे गेले आणि टेंडरची तारीख हुकली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: आधार, पॅन, जीएसटी, उद्यम, बँक पासबुक ओळीने टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती आधारपासून सुरू करा, कारण बाकीचे कागद त्याच्यावर उभे असतात. जागा येळ्ळूरसारख्या गावात असेल तर ई-स्वत्तूचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, उतारा काढा. लाईट बिल घरमालकाच्या नावावर असेल तर त्याचं ना-हरकत पत्रही घ्या.

निपाणीकरांसाठी आणखी एक. माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही हे खरं, पण ते राज्याच्या आत. महाराष्ट्रातल्या कागलच्या गिऱ्हाईकाला एक संगणक विकला तरी तो आंतरराज्य व्यवहार होतो आणि नोंदणी घ्यावीच लागते. तसंच कोल्हापूरहून सुटे भाग आणताना २७ ने (महाराष्ट्र) सुरू होणाऱ्या जीएसटी क्रमांकाच्या विक्रेत्याचं बिल आयजीएसटीचं, म्हणजे आंतरराज्य जीएसटीचं, असायला हवं, आणि त्यावर तुमचा २९ चा (कर्नाटक) क्रमांक हवा. नाहीतर भरलेल्या १८ टक्के कराचं क्रेडिट हातचं जातं.

टेंडर कुठे लागतात? केंद्राच्या कार्यालयांचे जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर, कर्नाटक राज्याच्या कार्यालयांचे केपीपीपी पोर्टलवर. जेमवर स्वतःचा ब्रँड नोंदवायचा असेल तर ट्रेडमार्कचा दाखला हाताशी ठेवा.

राहिला स्वतःच्या ब्रँडच्या एनर्जी स्टारचा प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे की महिन्याला दहा-वीस संगणक जोडणाऱ्याने त्यामागे लागू नये. त्याऐवजी प्री-बिड शंकांच्या, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या शंकांच्या, मुदतीत लेखी विचारा: '८० प्लस प्रमाणित पॉवर सप्लाय आणि मोजलेला वीज वापर समतुल्य म्हणून चालेल का?' ८० प्लस म्हणजे २०, ५० आणि १०० टक्के भारावर निदान ८० टक्के कार्यक्षमता. उत्तर 'नाही' आलं तर त्या टेंडरमध्ये मोठ्या कंपनीचं यादीतलं मॉडेल द्या.

पतसंस्था, शाळा, छापखाने यांना मात्र टेंडरची अट नसतानाही हा हिशोब दाखवायलाच हवा. समजा जुना संगणक रिकामा असताना ५० वॅट घेतो आणि नवा २५. रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर एका यंत्रामागे ७५ युनिट वाचतात. दहा यंत्रांमागे ७५०. त्यांचं हेस्कॉमचं (इथल्या वीज कंपनीचं) मीटर घरगुती नसतं, त्यामुळे घरांसाठीच्या गृहज्योती योजनेची सवलत त्याला नाही. म्हणजे हे प्रत्येक युनिट खिशातून जातं.

संगणक पोचवताना एनर्जी स्टारच्याच अटीप्रमाणे सेटिंग करून द्या: १५ मिनिटं हात लागला नाही तर स्क्रीन झोपावी, ३० मिनिटांत संगणक. चलनावर तसं लिहा आणि गिऱ्हाईकाची सही घ्या.