थुंकीच्या डबीपासून पहिल्या गोळीपर्यंत

आरोग्य केंद्रात नवं यंत्र आणण्याआधी ते केंद्र त्यासाठी तयार आहे का, हे तपासावं लागतं. क्षयरोगाच्या यंत्रांचंच उदाहरण घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये क्षयरोगाच्या निदानासाठी जीनएक्सपर्ट या यंत्राची शिफारस केली. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी तपासण्याच्या जुन्या पद्धतीत बरेच रुग्ण निसटायचे. हे यंत्र जंतूचा डीएनए शोधतं आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, हेही सुमारे दोन तासांत सांगतं.

दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानियातल्या प्राथमिक दवाखान्यांत त्याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. एका दिवसाचं प्रशिक्षण घेतलेल्या नर्सनी यंत्र नीट चालवलं. जास्त रुग्णांना त्याच दिवशी औषध सुरू झालं. तरीही काही महिन्यांनी रुग्णांच्या तब्येतीत म्हणावा तसा फरक दिसला नाही, कारण तिथले डॉक्टर लक्षणं आणि एक्स-रे पाहून आधीही उपचार सुरू करतच होते. म्हणजे नवं यंत्र येण्याआधी तिथे नेमकं काय चालतं, हे पाहणं हाही पूर्वतयारीच्या तपासणीचाच भाग आहे.

एरवी ही तपासणी म्हणजे यादी हातात घेऊन केलेली पाहणी असते. इन्व्हर्टर आहे का? आहे. पुढे टिकमार्क. पण ‘आहे’ आणि ‘चालतो’ यांत फार अंतर असतं. जीनएक्सपर्टला खोलीचं तापमान ३० अंशांच्या आत लागतं, कार्ट्रिज, म्हणजे नमुना भरून यंत्रात घालायची एकदाच वापरायची डबी, २८ अंशांच्या आत ठेवावी लागते. विदर्भात मे महिन्यात एसीशिवाय हे जमणार नाही. चाचणी अर्ध्यावर असताना वीज गेली, तर कार्ट्रिज वाया. म्हणून मेन स्विच बंद करून इन्व्हर्टर किती वेळ टिकतो, हे तिथेच उभं राहून बघायला हवं.

गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे क्षयरोग तपासणारं दुसरं यंत्र बॅटरीवर चालतं, ४० अंशांपर्यंत काम करतं. २०२० मध्ये त्याचीही शिफारस झाली. विजेची चिंता कमी झाली खरी, पण इथे वेगळा केलेला डीएनए पिपेटने (थेंब मोजायच्या नळीने) मोजून, अवघे ६ मायक्रोलिटर, यंत्रात घालायच्या छोट्या चिपवर हाताने सोडावा लागतो. त्यामुळे आता तपासायचा तो टेक्निशियनचा हात आणि सराव.

ब्रायन वायनर या अमेरिकी अभ्यासकाने २००९ मध्ये संस्थेच्या तयारीची दोन अंगं मांडली: बदल करायचाच हा सगळ्यांचा निर्धार, आणि तो आपल्याला जमेल हा सगळ्यांचा विश्वास. यातला ‘सगळ्यांचा’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारलं तर ते ‘हो, करू’ म्हणतात. मलेरियाच्या स्लाइड, हिमोग्लोबिन, शुगर हे सगळं एकट्याने उरकणाऱ्या टेक्निशियनला वेगळं बसवून विचारावं. दोघांची उत्तरं जुळत नसतील, तर काम कुठे अडणार ते तिथेच कळतं.

माझा आवडता प्रश्न मात्र यंत्राबद्दलचा नाही. दुपारी चार वाजता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि रुग्ण लांबच्या वाडीवर परत गेलेला आहे, तर त्याला कोण कळवणार? डॉक्टर, टेक्निशियन आणि आशाताई या तिघांनीही एकाच माणसाचं नाव घेतलं, तर त्या केंद्राला मी तयार म्हणेन.