ममी

ममी : कातडी, केस, नखे यांसह शेकडो किंवा हजारो वर्षे टिकून राहिलेले मृत शरीर. कधी ते माणसाने मुद्दाम टिकवलेले असते, तर कधी वाळू, बर्फ, दलदल यांत आपोआप टिकलेले. नुसता सांगाडा उरला, तर त्याला ममी म्हणत नाहीत. पेंढा भरलेला वाघही ममी नव्हे. त्यात वाघाचे म्हणावे असे फारतर कातडेच असते.

फारसीत ‘मोम’ म्हणजे मेण. त्यावरून ‘मूमिया’ हे डोंगरातून पाझरणाऱ्या काळ्या, डांबरासारख्या औषधी द्रव्याचे नाव पडले. इजिप्तमधील शवांवर राळेचे काळे थर दिसले, तेव्हा ते हेच द्रव्य समजून शवांनाही तेच नाव चिकटले. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातले औषधविक्रेते चक्क शवांची पूड विकत. एका शब्दाच्या घोटाळ्यापायी भलीभली माणसे मेलेली माणसे खात होती!

प्रेत कुजवणारे जंतू आणि शरीरातीलच पाचकरस यांना ओलावा लागतो. ओलावा काढून घेतला की त्यांचे काम थांबते. उन्हात काठ्यांवर टांगलेले बोंबील किंवा गच्चीवर घातलेले सांडगे ज्या कारणाने टिकतात, त्याच कारणाने ममी टिकते. इजिप्तमधील ममीविषयी ‘गुप्त मसाल्यां’च्या कथा खूप ऐकू येतात, पण मूळ प्रकार वाळवणाचा आहे. गेबेलिन येथे तापलेल्या वाळूत थेट पुरलेली, इ.स.पू. ३४०० च्या सुमाराची प्रेते कोणताही लेप नसताना टिकली. पुढे प्रेते पेटीत आणि बांधीव थडग्यात ठेवू लागले, वाळूचा स्पर्श सुटला आणि ती कुजू लागली. त्यामुळेच कृत्रिम उपाय शोधावे लागले, असे मानले जाते.

पूर्ण विधी ७० दिवसांचा असे. डाव्या कुशीला चीर देऊन फुप्फुसे, यकृत, जठर आणि आतडी काढीत. हृदय मात्र जागीच ठेवीत, कारण परलोकात तराजूत तोलले जायचे ते हृदयच. मेंदूला तसा मान नव्हता. नाकातून हाड फोडून तो काढून टाकीत. त्यानंतर सुमारे ४० दिवस शरीर नेट्रॉन या खारात पुरून ठेवीत. कैरोच्या वायव्येस वादी अल्-नत्रुन येथील तळी आटली की हा खार मिळे. सोडियमचे लॅटिन नाव ‘नेट्रियम’ याच शब्दावरून आले. पापडखार आणि मीठ एकत्र केल्यासारखे हे मिश्रण पाणी ओढून घेते आणि चरबीही मोडते. शेवटी तेल, राळ आणि जवसाच्या धाग्याच्या पट्ट्यांची गुंडाळी.

१९९४ मध्ये अमेरिकेत बॉब ब्रायर आणि रॉनल्ड वेड या संशोधकांनी देहदानातून मिळालेल्या एका शरीरावर ही रीत जशीच्या तशी करून पाहिली. मेंदू आकड्याने ओढून काढतात, असे पुस्तकांत असते. प्रत्यक्षात तो आकड्याला लागेना. आत सळई फिरवून ताकासारखा घुसळावा लागला आणि शरीर पालथे करून नाकावाटे ओतून काढावा लागला. कोरड्या खारात सुमारे ३५ दिवस ठेवल्यावर शरीर नीट वाळले.

हे कारागीरही चुकत. कर्नाकच्या खोन्सू देवाचा पुजारी नेस्पेरेन्नब (सुमारे इ.स.पू. ८००) याची ममी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पट्ट्या न सोडता तिचे सीटी स्कॅन केले, तेव्हा डोक्यामागे मातीचे एक ओबडधोबड वाडगे चिकटलेले दिसले. वाहून जाणारी राळ धरायला ठेवलेले वाडगे राळ सुकताच घट्ट बसले असावे. ते उपटण्याची खटपट झाली, कातडीही दुखावली. शेवटी तसेच गुंडाळून टाकले. घरच्यांना कोण सांगणार! २०१२ मध्ये ही ममी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील प्रदर्शनात आली होती.

ममीला भारतीय मलमल गुंडाळीत, हे विधान आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. ते सोडून द्यावे. सूक्ष्मदर्शकाखाली धागे तपासून १८३४ मध्येच दाखवून दिले गेले, की हे कापड जवसाच्या धाग्याचे आहे, कापसाचे नव्हे. खरा दुवा मिऱ्यांचा. इ.स.पू. १२१३ मध्ये वारलेला इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या ममीच्या नाकात काळी मिरी सापडली, आणि मिरी दक्षिण भारताची. ती कोणाकोणाच्या हातांतून नाईलपर्यंत गेली असेल, हे कोडेच आहे.

आपोआप टिकलेल्यांत आल्प्समधील बर्फात १९९१ साली सापडलेला, पाच हजार वर्षांहून जुना ‘ओत्झी’ प्रसिद्ध आहे. डेन्मार्कच्या दलदलीतील शरीरे तर कमावलेल्या चामड्यासारखी झाली आहेत. भारतात स्पितीमधील ग्यू गावी बसलेल्या स्थितीतील एका बौद्ध भिक्षूचे सुमारे ५०० वर्षांपूर्वीचे शरीर आहे. कोरड्या थंडीने ते राखले.

गोव्यातील उदाहरण सर्वांच्या ओळखीचे. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. पुढे हाडे नेता यावीत म्हणून त्यांना चुन्यात पुरले. मांस लवकर झडेल, हा हिशेब. काही महिन्यांनी उकरले तर शरीर शाबूत. श्रद्धावंतांना तो चमत्कार वाटतो. चुना मात्र ओलावा शोषून कुजणे लांबवतो, हेही खरे. १५५४ मध्ये शरीर गोव्यात आले. आज बॉम जेझूस बॅसिलिकामध्ये चांदीच्या पेटीत असलेले हे ‘गोंयचो सायब’ बरेच सुकलेले आहेत आणि उजवा हात १६१४ मध्ये रोमला गेला. साधारण दर दहा वर्षांनी शरीर दर्शनासाठी खाली आणतात. अलीकडचे दर्शन २०२४-२५ मध्ये झाले.

थोडे दिवसच प्रेत राखायचे, तर उपाय निराळा. वाल्मीकी रामायणात भरत आजोळाहून येईपर्यंत दशरथाचे शरीर तेलाच्या द्रोणीत ठेवल्याचे वर्णन आहे. आज ते काम फॉर्मॅलिन करते. धमनीतून भरलेला हा द्राव पाणी काढत नाही, तर प्रथिनांची रचनाच घट्ट करतो. आखातातून विमानाने गावी येणाऱ्या शवपेटीबरोबर एम्बाल्मिंगचे प्रमाणपत्र लागते ते याचेच. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात पहिल्या दिवशी मुलांच्या डोळ्यांना पाणी येते, तेही बहुतेक याच द्रावाच्या वासाने.