जाळ वेगळा, निखारा वेगळा

डिसेंबरात मुंबईला जेमतेम थंडी पडते आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर बार्बेक्यूच्या शेगड्या निघतात. दरवर्षी मी तेच बघतो. कोळसा पेटवून पाच मिनिटं झालेली नसतात, ज्वाळा वीतभर उठलेल्या असतात आणि कुणीतरी मोठ्या हौसेने चिकनच्या तंगड्या जाळीवर मांडत असतं. मग त्या वरून काळ्याठिक्कर आणि हाडाजवळ कच्च्या निघतात. मसाल्याला नावं ठेवली जातात, चिकनवाल्यालाही. चूक एवढीच असते, की जाळालाच निखारा समजून भाजायला घेतलेलं असतं.

जाळ तुम्हाला नव्याने सांगायला नको. भरताचं वांगं आपण गॅसच्या जाळावरच भाजतो, पापडही. पण वांग्याची जळकी साल सोलून टाकायची असते आणि पापड आतून शिजवायचा नसतो. तंगडीचं तसं नाही.

कोळसा पेटताना त्यातला ओलावा आणि जळणारे वायू आधी बाहेर पडतात. ज्वाळा आणि पांढरा दाट धूर त्यांचाच. ते सरले की ज्वाळा बसतात, कोळशावर राखेची करडी साय धरते आणि आत लाल आर दिसू लागतो. हा निखारा. लाकडी कोळशाला इथवर यायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि नेमकी तेवढीच कळ कुणाला काढवत नाही. ज्वाळ वाऱ्याबरोबर हेलकावते, लागेल तिथे करपवते, वर काजळीही बसवते. निखाऱ्याची धग एकसारखी येते. चिकन वरून खरपूस व्हायला त्याचा पृष्ठभाग १४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावा लागतो, आतून शिजायला मध्यभागी ७४ अंश यावे लागतात. आतली उष्णता सावकाश चढते. तेवढा वेळ निखारा देतो, जाळ देत नाही.

कोळशाची इस्त्री वापरणारा इस्त्रीवाला आठवा. तो इस्त्रीत निखारे भरतो, धडधडता कोळसा नाही. रमझानमध्ये मोहम्मद अली रोडवर सीख भाजणाऱ्यांच्या हाताकडेही बघा. हातपंख्याने ते निखारा फुलवतात, ज्वाळ उठवत नाहीत.

शेगडी तयार झाली का, हे तळहाताने कळतं. जाळीच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. दोन-तीन सेकंदांत चटका असह्य झाला तर आच कडक आहे, कोळंबी आणि पनीरला ती ठीक. चार-पाच सेकंद हात टिकला तर चिकन चढवा. निखारे सगळीकडे पसरू नका, एका बाजूला ओढून ठेवा. रंग निखाऱ्यावर आणायचा आणि मग तंगडी रिकाम्या बाजूला सरकवून वर झाकण ठेवायचं. चरबी ठिबकून भडका उडाला तरी हेच करा. त्यावर पाणी शिंपडलं की राख उडून चिकनवर बसते, आणि दर मिनिटाला तेलाचा ब्रश फिरवणारे तो भडका स्वतःच ओढवून घेतात.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत. बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवा. बांगडा जाळीला चिकटला असेल तर ओढू नका, भाजला की आपोआप सुटतो. कोळसा वखारीतून लाकडीच आणा, दगडी नको. रॉकेल ओतून पेटवणाऱ्याच्या शेगडीवरचं मी खात नाही.

या गोंधळातली एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. ज्वाळ नाही, धूर नाही, म्हणजे शेगडी निवली असं समजून लोक ती काचा लावलेल्या बाल्कनीत किंवा हॉलमध्ये आणतात. निखारा धुराशिवायही कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, बंद खोलीत तो माणसाला कळायच्या आत गुंगवतो. शेगडी उघड्यावरच राहू द्या. राखेखाली आर तासन्‌तास जिवंत राहतो, म्हणून झोपायला जाण्यापूर्वी निखारे चिमट्याने पाण्याच्या लोखंडी बादलीत एकेक करून बुडवा आणि सकाळी हाताला गार लागले तरच कचऱ्यात टाका.